धबधबा पूर्वी इथे होता

नदीकाठाने धबधब्यापर्यंत जायचं असेल तर मी खालच्या बाजूने निघणारी वाट धरते, प्रवाहाच्या उलट दिशेने जाणारी. कड्याच्या माथ्यावर नेऊन सोडणाऱ्या वाटा असतात, गाडी अगदी तोंडाशी नेणारे रस्तेही असतात. त्या रस्त्याने गेलं की धबधबा एकदम समोर येतो, फोटो काढून होतो, आणि मग पुढे काय करायचं ते कुणालाच कळत नाही. नदीला धरून खालून गेलं की तो थोडा थोडा भेटतो. आधी दगडांत, मग पाण्याच्या रंगात, मग कानांत, मग हवेतल्या गारव्यात, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांना.

मी शाळेत भूगोल शिकवते. धबधब्याची आकृती फळ्यावर इतक्यांदा काढली आहे की डोळे मिटूनही काढता येईल. वर कठीण खडकाचा थर, त्याखाली मऊ खडक, कड्यावरून पडणारं पाणी, पायथ्याशी डोह, आणि कोपऱ्यात उगमाकडे तोंड केलेला एक लहानसा बाण. बाणाखाली लिहायचं: धबधबा मागे सरकतो. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात. पण त्या बाणाचा खरा अर्थ पायांना कळतो, आणि तो कळायला अशी एखादी सोपी वाट लागते. आज मला त्या बाणाबद्दलच लिहायचं आहे.

माझ्यासोबत बहुतेक वेळा दोघी असतात. आई आणि बहिणीची मुलगी. आईने सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, हातात काठी असते. भाची आठ वर्षांची आहे. तिला काठीची गरज नाही, पण आजीची काठी मात्र सारखी हवी असते. या दोघींना झेपेल अशीच वाट मी शोधते, आणि मला त्यात काही कमी पडल्यासारखं कधी वाटलेलं नाही. अवघड वाटेवर नजर पुढच्या पावलावरून हलत नाही. सोप्या वाटेवर मान वर करता येते, थांबता येतं, मागे वळून बघता येतं. नदी बघायची तर एवढी मोकळीक हवीच.

वाट सोपी आहे हे ठरवायचं कसं? लांबीवरून ठरवू नये, एवढं मी अनुभवाने सांगेन. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा एक ठोकताळा सांगितला होता, तो अजूनही वापरला जातो: तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात साधारण पाच किलोमीटरला तास आणि सहाशे मीटर चढाला तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा. आई सोबत असली की मी येणारा आकडा दुप्पट करते, म्हणजे तीन किलोमीटरच्या सपाट वाटेला सव्वा तास. भाचीचा पाण्यात खडे मारण्याचा वेळ त्यात धरलेला नाही, तो वेगळा द्यावा लागतो.

पण वेळेपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी दुसऱ्या आहेत. वाटेत नदी ओलांडावी लागते का, आणि लागत असेल तर पुलावरून की दगडांवरून? दोन माणसं हात धरून चालू शकतील एवढी रुंदी सगळीकडे आहे का? शेवटचा टप्पा, म्हणजे तुषारांच्या टप्प्यात येणारा भाग, कसा आहे? सोप्या वाटेवरचे अपघात तिथेच होतात. दगडावरचा काळपट हिरवा थर कोरडा असेल तर चप्पलसुद्धा धरून ठेवतो, आणि ओला झाला की चांगला बूटही निसटतो. म्हणून आईला मी तिथे काठी दगडावर टेकू देत नाही. माती किंवा बारीक खडी बघायची आणि तिथे टेकायची. लोखंडी टोक ओल्या कातळावर सरकतं, रबराचं टोक त्या मानाने बरं.

बरं, आता वाटेला लागू.

सुरुवातीला नदी रुंद असते. काठ सखल, दोन्हीकडे दाट झाडं, पाणी संथ. इथे मी भाचीला एक काम देते: दगड बघत चल. काठावरचे गोटे हातात घे, फिरवून बघ. खालच्या टप्प्यातले गोटे लहान असतात आणि गुळगुळीत, कोपरा सापडत नाही. पाण्याने त्यांना एकमेकांवर घासत, लोळवत इथवर आणलेलं असतं. जसजसं वर जावं तसतसे दगड मोठे होत जातात आणि त्यांना कोपरे फुटायला लागतात. धबधब्याच्या जवळ तर खोलीएवढे धोंडे आडवे पडलेले असतात, धारदार कडांचे, चौकोनी. ते नदीने वाहून आणलेले नाहीत. ते वरून पडलेले आहेत.

भाचीला हा खेळ मनापासून आवडतो. ती मध्येच ओरडते, “मावशी, कोपरा सापडला!” आणि मग आई थांबते, तो दगड हातात घेते, अंगठ्याने कोपरा चाचपून बघते. आईला भूगोलात रस आहे असं मी म्हणणार नाही, पण दगड हातात घेऊन त्याचा जोखा घ्यायची तिची एक पद्धत आहे, ती मला फार आवडते. ती लगेच काही बोलत नाही. पुढच्या वळणावर म्हणते, “त्या दगडाला अजून लांब जायचंय.”

दगड बदलतात तशी नदीची चालही बदलते. खाली एकच लांब संथ पट्टा होता, आता डोह आणि खळाळ आलटून पालटून येऊ लागतात. डोहात पाणी गडद, तळ दिसत नाही. खळाळात तेच पाणी पांढरं, कारण त्यात हवा मिसळलेली असते. या खळाळांच्या दगडांवर शेपटी वरखाली करत बसणारा धोबी पक्षी बघायला थांबावंच. थंड प्रदेशांतल्या आणि हिमालयातल्या वेगवान ओढ्यांवर डिपर नावाचा गोलमटोल पक्षी असतो. तो चक्क पाण्यात शिरतो आणि तळावर चालत किडे वेचतो, आणि घरटं कधी कधी धबधब्याच्या पडद्यामागे बांधतो. अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या सीमेवरच्या इग्वासू धबधब्यात मोठ्या काळसर पाकोळ्या थेट पाण्याच्या पडद्यातून आरपार जातात आणि मागच्या कातळाला चिकटून रात्र काढतात. शिकारी तिथवर पोचत नाही. धबधब्याला घर मानणारे जीव आहेत, ही गोष्ट वर्गात सांगितली की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

आणि मग एका वळणानंतर दोन्ही काठ उभे राहतात.

या जागी मी नेहमी थांबते. इथपर्यंत आपण दरीत चालत होतो, आता घळीत शिरतो. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आहेत, मध्ये नदी, आणि नदीच्या कडेने कशीबशी जागा काढून गेलेली आपली वाट. बहुतेक लोक इथे पावलं उचलतात, कारण आता धबधबा जवळ आला हे त्यांना ठाऊक असतं. मला मात्र वाटतं, खरं बघायचं ते इथून सुरू होतं.

ही घळ आली कुठून? ही धबधब्याने केलेली आहे. पाणी कड्यावरून पडतं, पायथ्याशी आपटतं, गोट्यांना भोवऱ्यात फिरवत डोह खोल करतं. पडद्यामागचा मऊ खडक तुषारांनी आणि उसळत्या पाण्याने झिजतो, आत कपार तयार होते. वरचा कठीण थर काही काळ छपरासारखा पुढे आलेला राहतो. मग एक दिवस त्याला आधार उरत नाही आणि तो तुटून खाली पडतो. ते खोलीएवढे चौकोनी धोंडे म्हणजे ते तुटलेलं छप्पर. कडा तेवढा मागे गेला. पाणी पुन्हा नव्या जागेवरून पडू लागतं, पुन्हा कपार, पुन्हा पडझड. असा तो उगमाच्या दिशेने सरकत राहतो, आणि सरकताना मागे, म्हणजे आपल्या बाजूला, ही घळ सोडून जातो.

म्हणजे घळीच्या तोंडाशी आपण उभे असतो तिथे धबधबा पूर्वी होता. त्या पुढच्या वळणावरही होता. ज्या दगडावर आई टेकून बसते तिथेही कधीतरी कड्याचं पाणी कोसळत होतं. आपण धबधब्याच्या सगळ्या जुन्या जागांमधून चालत त्याच्या आजच्या जागेकडे चाललेलो असतो.

आणि हे नुसतं मानून घ्यायची गरज नाही, डोळ्यांना दिसतं. घळीच्या तोंडाशी भिंती ढासळलेल्या, तिरक्या, मातीने भरलेल्या असतात, त्यांच्यावर मोठी झाडं वाढलेली असतात. त्यांना तसं व्हायला पुष्कळ काळ मिळालेला आहे. पुढे जावं तसतशा त्या सरळ उभ्या आणि उघड्या होत जातात. झाडांच्या जागी झुडपं, झुडपांच्या जागी नेचे आणि शेवाळ. अगदी धबधब्याजवळच्या भिंतीवर कातळ अजून ताजा असतो, तुटल्याची जागा स्पष्ट दिसते. वाट जुन्याकडून नव्याकडे जाते.

नायगाराचं उदाहरण मी वर्गात देते, कारण तिथे याचं मोजमाप झालेलं आहे. शेवटचं हिमयुग ओसरल्यावर, सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी, तो धबधबा आजच्या जागेच्या खाली जवळपास ११ किलोमीटरवर होता. वर चुनखडीच्या जातीचा कठीण खडक, खाली मऊ शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला खडक, हुबेहूब फळ्यावरची आकृती. सरकत सरकत तो आजच्या जागी आला आणि मागे ११ किलोमीटरची घळ ठेवून आला. पूर्वी तो वर्षाला सरासरी मीटरभर मागे जात असे. विसाव्या शतकात त्याचं बरंच पाणी वीजनिर्मितीसाठी वळवलं गेलं आणि ही गती साधारण फुटावर आली.

दख्खनच्या पठारावर चुनखडी आणि शेल नाहीत, पण जोडी तीच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. त्यातले काही घट्ट, काही बुडबुड्यांनी पोखरलेले आणि लवकर झिजणारे. सह्याद्रीच्या कड्यांना ज्या पायऱ्या दिसतात त्या या फरकाच्या आहेत, आणि पावसाळ्यात पाणी जिथून उडी घेतं त्या जागाही बहुधा त्या पायऱ्यांवरच असतात.

सगळे धबधबे असेच झाले असं मात्र कुणी समजू नये. अमेरिकेतल्या योसेमिटीचा ७३९ मीटरचा धबधबा हिमनदीच्या कामामुळे आहे. मुख्य दरी मोठ्या हिमनदीने खोल कापली, बाजूची लहान दरी वरच लटकत राहिली, आणि तिचं पाणी आता उंचावरून खाली येतं. तिथे धबधब्याखाली लांब घळ सापडणार नाही. म्हणून कुठल्याही नव्या धबधब्याकडे जाताना मी आधी नकाशात घळ शोधते. घळ असेल तर समजायचं, हा चालत आलेला आहे.

घळीत आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते, कातळातले रांजणखळगे. एखाद्या खोलगट जागेत गोटा अडकतो, भोवरा त्याला गरगर फिरवतो, आणि तो खालचा खडक कोरत जातो. गोटा झिजून संपतो, दुसरा येतो. कुकडी नदीवरच्या निघोजला हे खळगे जितके भव्य आहेत तितके सगळीकडे नसतात, पण धबधब्याच्या वाटेवर कातळात हातभर खोल खळगा तरी सापडतोच. पाणी ओसरलेलं असेल तर तळाशी तो गोटाही असतो, आणि भाचीला तो बाहेर काढायचा असतो. मी काढू देत नाही. त्याचं काम अजून चालू आहे.

आवाज पहिल्यांदा आईला ऐकू येतो. दर वेळी. मी आणि भाची बोलत असतो आणि ती हात वर करून आम्हाला थांबवते. “आला,” म्हणते. दुरून येतो तो आवाज जाड, घुमणारा असतो, दूरच्या रस्त्यावरून जड गाड्या जाव्यात तसा. बारीक, तीक्ष्ण सूर हवेत आणि झाडीत लवकर जिरतात, जाड सूर लांब पोचतात. जवळ जावं तसा त्यात सळसळाट मिसळत जातो, आणि अगदी समोर उभं राहिलं की सगळे सूर एकदम अंगावर येतात. वाटेच्या एखाद्या वळणावर कड्याची आड आली की आवाज बंद होतो आणि भाची घाबरून विचारते, “गेला का तो?” पुढच्या वळणावर तो दुप्पट होऊन परत येतो.

पाणी वाजतं कशाने, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. दगडावर आपटण्यापेक्षा जास्त आवाज बुडबुड्यांचा असतो. मार्सेल मिनार्ट या डच शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये दाखवलं की पाण्यात अडकलेला हवेचा बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत ठरावीक सुरात वाजतो, आणि बुडबुडा जितका मोठा तितका सूर जाड. तीन-सव्वातीन मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला हजारेक कंपनं करतो. म्हणजे खालच्या खळाळाची किणकिण लहान बुडबुड्यांची, आणि डोहातला घुमारा मोठ्या बुडबुड्यांचा आणि त्यांच्या झुंडींचा. हे कळल्यापासून मी खळाळाजवळ डोळे मिटून उभी राहते आणि आईला विचारते, “बारीक आहेत की मोठे?” तिचं उत्तर बहुधा बरोबर असतं.

या गोंगाटात राहणाऱ्या जिवांनी बोलायच्या निराळ्या तऱ्हा शोधल्या आहेत. पश्चिम घाटातल्या ओढ्यांवर राहणारे नाचरे बेडूक आवाजासोबत मागचा पाय बाजूला ताणून, पंजा फाकवून हलवतात. एकमेकांना दिसेल अशी खूण. प्राध्यापक एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये यांच्या एकदम १४ नव्या जातींचं वर्णन केलं. चीनमधल्या एका ओढ्याकाठच्या बेडकाने दुसरा मार्ग घेतला, त्याची साद माणसाच्या कानाच्या टप्प्यापलीकडे जाते, पाण्याच्या जाड आवाजाच्या कितीतरी वर.

सवयीचा आवाज थांबला तर काय होतं, याचीही एक हकिगत आहे. मार्च १८४८ मध्ये नायगारा नदी जिथून निघते त्या इरी सरोवराच्या तोंडाशी बर्फाचे तुकडे अडकले आणि नायगारा एक दिवसाहून जास्त काळ जवळजवळ आटला. काठावरच्या लोकांना आधी शांतता जाणवली. लोक उघड्या पडलेल्या पात्रात चालत गेले. बर्फाचा बांध फुटला आणि पाणी परतलं.

आता समोर धबधबा आहे. याचं वर्णन मी करत नाही, ज्याने त्याने बघावं. फक्त तिथे पोचल्यावर काय करावं ते सांगते.

पहिलं, डोहात उतरू नये. पाणी गळ्यापर्यंतच दिसत असलं आणि पोहता येत असलं तरी. जिथे पाणी पडतं तिथे ते हवेने भरलेलं असतं आणि हवा मिसळलेलं पाणी हलकं असतं, ते शरीराला नेहमीसारखं वर उचलत नाही. शिवाय पडणारं पाणी तळाशी जाऊन फिरून वर येतं आणि पृष्ठभागावरचं सगळं पुन्हा कोसळत्या धारेखाली ओढतं. लाकडाचा ओंडका तिथे कितीतरी वेळ त्याच जागी गिरक्या घेताना दिसतो. भाचीला मी तो ओंडकाच दाखवते, त्यानंतर तिने हट्ट केलेला नाही.

दुसरं, पाण्याचा रंग आणि उंची सारखी बघत राहावं. वर ऊन असेल, तरी नदीच्या वरच्या अंगाला पाऊस पडत असू शकतो. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागलं, पानं आणि काटक्या अचानक जास्त वाहून येऊ लागल्या, आवाज जाड झाला, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला, यातलं एकही दिसलं तर सामान गोळा करण्यात वेळ घालवू नये, उंच काठावर जावं. घळीत पाणी पसरायला जागा नसते, ते थेट वर चढतं. आई चालते हळू, म्हणून मी आमची बसायची जागा ठरवताना आधी वर चढायची जागा बघते.

तिसरं, सूर्य कुठे आहे ते बघावं. इंद्रधनुष्य दिसायला सूर्य पाठीशी हवा आणि तुषार समोर. सूर्याच्या विरुद्ध बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांवर ते उमटतं. धबधब्याचं तोंड पश्चिमेला असेल तर दुपारनंतर जावं, पूर्वेला असेल तर सकाळी. नकाशात हे निघण्याआधीच कळतं, आणि तरी बहुतेक लोक चुकीच्या वेळी पोचतात याची मला खरोखर हळहळ वाटते.

गारव्याबद्दलही सांगते. पाणी पडून थंड होतं अशी समजूत आहे, होतं उलट. पडण्याची ऊर्जा शेवटी उष्णतेत बदलते. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जेम्स ज्यूल १८४७ मध्ये लग्नानंतर आल्प्समध्ये फिरायला गेला असताना धबधब्याच्या पाण्याचं तापमान वर आणि खाली मोजायला थर्मामीटर घेऊन निघाला होता, असं त्याचा मित्र विल्यम थॉमसन पुढे सांगत असे. मोजणं जमण्यासारखं नव्हतंच: एक अंश सेल्सियस वाढायला पाणी जवळपास ४२७ मीटर पडावं लागतं, आणि मध्ये ते तुषार होऊन वाऱ्यावर जातं. आपल्याला वाटतो तो गारवा तुषारांच्या बाष्पीभवनाचा आणि कोसळत्या पाण्याने सोबत ओढून आणलेल्या वाऱ्याचा. आई पदर डोक्यावरून घेते तो त्या वाऱ्यामुळे.

आणि चौथं, माझं सगळ्यात आवडतं. पडत्या पाण्यातली एक जागा धरून तिच्यावर अर्धा-एक मिनिट नजर रोखायची, धारेबरोबर खाली घसरू द्यायची नाही. मग पटकन बाजूच्या कातळावर बघायचं. कातळ वर सरकू लागतो. रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यासमोर उभं राहून हे अनुभवलं आणि लिहून ठेवलं, तेव्हापासून या भासाला धबधब्याचंच नाव मिळालं आहे. खाली जाणाऱ्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या पेशी सतत कामाने मंदावतात, वरच्या दिशेच्या पेशी तशाच ताज्या असतात, आणि थोडा वेळ पारडं त्यांच्या बाजूला झुकतं.

आईला मी हे करायला लावलं तेव्हा ती दगडावर बसली होती, दोन्ही हात काठीवर. मी म्हटलं, “आता डावीकडे बघ.” ती बघत राहिली, मग माझा दंड घट्ट धरला. “अगं, कडा वर चाललाय!” भाचीने लगेच करून पाहिलं, मग परत, मग परत. दोघी एकमेकींना वेळ मोजून देत होत्या. मी बाजूला उभी राहून ऐकत होते.

परतताना नदी आपल्या सोबतीने चालते. घळीच्या तोंडाशी आल्यावर मी भाचीला थांबवून सांगितलं की तो इथून निघाला. तिने मागे बघितलं, पुढे बघितलं आणि विचारलं, “मग जाणार कुठपर्यंत?” मी म्हटलं, वरचा कठीण थर जिथपर्यंत पुरेल तिथपर्यंत. थर पातळ झाला, किंवा तिरका होऊन पात्राखाली गेला, की कड्याची उंची कमी होत जाईल, एका उडीच्या दोन-चार लहान उड्या होतील, आणि शेवटी नुसता खळाळ उरेल. त्याला हजारो वर्षं आहेत. तिला ते फारसं पटलं नाही. “पण तो कसा सरकतो ते दिसलंच नाही,” ती म्हणाली. “आत कपार आहे म्हणालीस, ती कुठे दिसली?”

बरोबर होतं तिचं. पाणी भरपूर होतं, पडदा जाड होता, आणि सगळं काम त्या पडद्याआड चाललं होतं. मऊ थर बघायचा तर पाणी उतरल्यावर यायला हवं. तेव्हा धार बारीक होते, छपरासारखा पुढे आलेला थर, त्याखालची पोखरलेली जागा आणि नव्याने पडलेले धोंडे सगळं मोकळं दिसतं. गर्दीही नसते, कारण तेव्हा धबधब्यात बघण्यासारखं काही नाही असं लोक समजतात. आईने तिथेच ठरवून टाकलं की पाणी कमी झालं की परत यायचं, आणि काठीला रबराचं नवं टोक तेवढं आधी बसवून घ्यायचं.